रोहिंग्यांवर अर्धा तास बोलायचंय, सोलापुरात. कसं बोलू?

वाचनालयवाली

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणारे, चहा घेऊनच बसा.

विजापूर रोडच्या बाजूला आमचं एक छोटं वाचनालय आहे. महिन्यातनं एका शनिवारी संध्याकाळी कुणीतरी अर्धा तास बोलतं, मग चहा-चिवडा. येणारे वीस-पंचवीस जण, त्यात विड्या वळणाऱ्या सात-आठ बायका, दोन-तीन रिटायर्ड मास्तर, गारमेंटला कामाला जाणाऱ्या मुली आणि फक्त वायफायसाठी बसलेली पोरं. १० डिसेंबरला मानवी हक्क दिन असतो म्हणून त्या आठवड्याचा विषय मी रोहिंग्या, म्हणजे म्यानमारमधनं हाकललेले मुसलमान, हा घेतला आणि आता डोक्याला ताप झालाय.

का घेतला ते सांगते. मागच्या महिन्यात व्हॉट्सॲपवर फिरत होतं की सोलापुरात रोहिंग्या शिरलेत, पोरं उचलतात, दिसले की धरा. दोन दिवसांनी आमच्या गल्लीत एक प्लास्टिकच्या खुर्च्या विकणारा आला, मोटरसायकलवर मागंपुढं खुर्च्या बांधून फिरतात बघा तसला. त्याला पोरांनी अडवलं, हिंदी वेगळं वाटलं म्हणे. त्यातला एकजण त्याच्याच खुर्चीवर पाय पसरून बसला आणि त्याचं आधार मागायला लागला. त्या माणसानं आतल्या खिशातनं दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं, पिशवीची गाठच सुटंना त्याला. निघाला बिहारचा, कटिहारचा. मग सोडलं, आणि वर तीच खुर्ची दोनशेला दे म्हणून घासाघीस पण केली!

मी वर गॅलरीत होते. खाली पोचेपर्यंत संपलं होतं सगळं. खरं सांगायचं तर जिना मी जरा हळूच उतरले.

नंतर त्या पोराला विचारलं, ओळखीचा आहे, रोहिंग्या म्हणजे कोण रे? म्हणाला बांगलादेशी. म्हटलं मग बांगलादेशीच म्हण की. तर म्हणाला, नाही काकू, त्यांच्यापेक्षा डेंजर.

तर ह्या मंडळींसमोर मी काय बोलू, कुठनं सुरू करू? जिनिव्हा, ठराव, अहवाल असलं सुरू केलं की बायका विड्यांचा हिशेब काढून बसतात. आणि ‘बिचारे बिचारे’ करून रडगाणं पण नकोय मला. आधी ज्यांनी हॉल देतो म्हटलं होतं त्यांनी विषय ऐकून ‘त्या दिवशी रंगकाम आहे’ सांगितलंय, म्हणजे वाचनालयातच दाटीवाटीनं करावं लागणार.

पार्कचौक_कट्टा

ताई राग मानू नका पण काय करूलालाव तुम्ही? नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतंय, पोरं शिकून पुण्याला पळायलेत, त्यावर बोला की. कुठलं ते म्यानमार. आपल्याकडचे प्रश्न संपले का सगळे? आणि एक सांगा, ते इतके गरीब बिचारे असतील तर त्यांच्याच देशानं का हाकललं, काहीतरी केल्याशिवाय कोण हाकलतं का

मोडीवाला_काका

पार्कचौक, पाण्यावर पण बोलू या, मी येतो तुमच्याबरोबर मोर्चाला. पण शेवटचा प्रश्न चांगला विचारलात म्हणून जरा सविस्तर लिहितो. इतिहास शिकवण्यात तीस वर्षं गेली, आवरत नाही.

म्यानमारच्या, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशच्या, पश्चिमेला समुद्राकाठी लांबट पट्टा आहे, त्याला आता राखाइन म्हणतात, जुनं नाव आराकान. ते एकेकाळी स्वतंत्र राज्य होतं, राजधानी म्राउक-ऊ. राजे बौद्ध, पण बंगालशी इतकं येणंजाणं की नाण्यांवर फारसी अक्षरं असायची. ब्रह्मदेशच्या राजानं हे राज्य जिंकलं १७८४-८५ मध्ये, म्हणजे आपल्याकडं सवाई माधवराव गादीवर होते तेव्हा. पुढं १७९९ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं तिकडच्या भाषांची टिपणं काढली, त्यात लिहून ठेवलंय की आराकानमध्ये फार पूर्वीपासून राहणारे मुसलमान स्वतःला ‘रूइंगा’ म्हणवतात. नाव काल-परवा कुणी बनवलं, ह्या म्हणण्याला एवढं एक टिपण पुरतं.

आता दुसरी बाजू, ती लपवायचं कारण नाही. १८२६ च्या यांदाबो तहानं आराकान इंग्रजांकडं गेलं आणि नंतर भातशेतीच्या कामाला चितगावकडनं पुष्कळ माणसं तिकडं गेली. हे खरंच आहे. पण ती ‘परदेशात’ गेली नव्हती! १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्याच ताब्यातला एक प्रांत. चितगावचा माणूस अक्याबला (आराकानचं बंदर, आताचं सित्त्वे) जाणं म्हणजे विजापूरकडच्या इंडीचा माणूस सोलापूरला येणं. विजापूर जिल्हा १९५६ पर्यंत आपल्याच मुंबई राज्यात होता, आपल्या निम्म्या लिंगायत सोयरिकी त्या बाजूच्या. उद्या कुणी उठून म्हणालं की इंडी आता दुसऱ्या राज्यात, सबब तुमची आजी घुसखोर, तर?

१९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ह्या लोकांना मतदान होतं, त्यांचे खासदार निवडून येत, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी रेडिओवर त्यांच्या भाषेत कार्यक्रम लागायचा. १९६२ ला लष्करानं सत्ता घेतली आणि चक्र उलटं फिरलं. १९७८ ला ‘नागमिन’ नावाची मोहीम काढली, कागद तपासणीची, दोन लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली. मग १९८२ चा नागरिकत्व कायदा. १९९१-९२ ला परत अडीच लाख. २०१२ ला दंगली, सव्वा लाखाच्या वर माणसं छावण्यांत कोंबली, त्यातली बरीच आजही सित्त्वेजवळ तिथंच आहेत, बाहेर पडायला परवानगी लागते. आणि २०१७ ला लष्करानं गावं जाळून लाखो लोकांना पळवून लावलं, ते तर सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे ‘काहीतरी केलं म्हणून हाकललं’ हा क्रम उलटा आहे. आधी नाव काढून घेतलं, मग बाकीचं.

अशोकचौक_माग

काकांनी १९८२ एका ओळीत उरकलं पण माझ्या मते ताई तुम्ही तिथंच थांबा, बाकी सगळं सोडा.

त्या कायद्यात पूर्ण नागरिक कोण, तर ज्यांची जमात १८२३ च्या आधीपासून त्या देशात आहे ते. सरकारची यादी आहे १३५ जमातींची. त्यात रोहिंग्या नाहीत. खालच्या दर्जाचं नागरिकत्व पाहिजे तर १९४८ च्या आधीपासून बापजादे इथं होते ह्याचा कागद आणा. खेड्यातल्या शेतकऱ्याकडं कुठला कागद? जो होता तो तपासणीत काढून घेतलेला. पांढरं तात्पुरतं कार्ड होतं काहींकडं, ते पण २०१५ ला रद्द केलं, त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदान बंद. २०१४ च्या जनगणनेत ‘रोहिंग्या’ लिहायचंच नाही, ‘बंगाली’ लिहा नाहीतर तुमची नोंद नाही.

आता आमचं घर बघा. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. पणजोबा गिरणीत काम मिळतं म्हणून तिकडनं तेलंगणातनं आले, निजामाच्या राज्यातनं इंग्रजांच्या राज्यात, म्हणजे काकांच्या हिशेबानं आम्ही तर खरंच सरहद्द ओलांडून आलो. आमच्याकडं सगळ्यात जुना कागद म्हणजे गिरणीचा एक पास, वाळवीनं निम्मा खाल्लेला, नाव दिसतंय साल गेलंय. १८२३ चा पुरावा मागितला तर अख्खा पूर्वभाग, अशोक चौक ते अक्कलकोट रोड, रिकामा होईल. मागावर कोण बसणार? चादर कोण विणणार?

तुम्ही असं करा ताई. बोलायच्या आधी सगळ्यांना एकेक चिठ्ठी द्या. म्हणा, तुमच्या घरातल्या तुम्हाला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या माणसाचं नाव, गाव, साल लिहा. आणि १८२३ च्या आधीचं आहे हे दाखवणारा कागद घरात आहे का, हो किंवा नाही. चिठ्ठ्या गोळा करा. मग बोला.

पार्कचौक_कट्टा

आयडिया भारी आहे मान्य. पण तुम्ही सगळे एकाच बाजूनं बोलायलात. त्यांच्यात अतिरेकी नाहीत का? पोलिसांना मारलं ते? आणि हिंदूंना मारलं होतं ना तिकडं, ते का नाही सांगत कुणी?

स्ट्रिंगर_सोलापूर

सांगायलाच पाहिजे. ताई, हे कुणी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा, नाहीतर मागच्या रांगेतनं एकजण उठेल आणि तुमचा अर्धा तास तिथंच संपेल.

अर्सा नावाची सशस्त्र संघटना आहे रोहिंग्यांमधली. २५ ऑगस्ट २०१७ ला तिनं तीसेक पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्याच दिवसांत खा माउंग सेक भागातल्या हिंदू वस्त्यांवर हल्ला झाला, ॲम्नेस्टीनं २०१८ मध्ये चौकशी करून सांगितलं की अर्सानं ९९ पर्यंत हिंदू मारले असावेत, बायका-पोरं सुद्धा. हे भयंकर आहे आणि ते तसंच सांगायचं, ‘पण’ न लावता.

आणि मग पुढचंही तसंच सांगायचं. हल्ल्याला उत्तर म्हणून लष्करानं अर्साला शोधलं नाही, गावंच्या गावं पेटवली. पहिल्या एका महिन्यात किमान ६७०० माणसं मारली गेली असा डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सचा हिशेब, बांगलादेशातल्या छावण्यांत घरोघर विचारून काढलेला, त्यात पाच वर्षांच्या आतली ७३० पोरं. पाच वर्षांच्या आतलं पोरगं कुठल्या चौकीवर हल्ला करतं? सात लाखांच्या वर लोक नाफ नदी ओलांडून बांगलादेशात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या पथकानं किमान ३९२ गावं पूर्ण किंवा अर्धवट उद्ध्वस्त झाल्याचं नोंदवलं.

आमच्या बातमीदारीच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती मला झोपू देत नाही. इन दिन नावाचं गाव. २ सप्टेंबर २०१७ ला तिथं दहा रोहिंग्या पुरुष धरून मारले आणि एकाच खड्ड्यात पुरले, सैनिक आणि गावातले शेजारी दोघांनी मिळून. मारायच्या आधी रांगेत गुडघ्यावर बसवून फोटो काढलेला. तो फोटो रॉयटर्सच्या वा लोन आणि च्यॉ सो ऊ ह्या दोन पत्रकारांना मिळाला, दोघंही म्यानमारचेच, दोघंही रोहिंग्या नाहीत. त्यांना डिसेंबरात अटक, ऑफिशियल सिक्रेट्सच्या कायद्याखाली सात वर्षांची शिक्षा, कायदा इंग्रजांच्या वेळचा, १९२३ चा. सुटले मे २०१९ मध्ये, पाचशेच्या वर दिवस काढून. आणि त्या खुनात सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झालेली, ते एक वर्ष पण न भरता गुपचूप सोडून दिले. म्हणजे मारणाऱ्यांपेक्षा छापणारे जास्त दिवस आत.

केस आता दोन ठिकाणी आहे. गांबिया नावाच्या आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशानं २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारवर वंशसंहाराचा दावा लावला, आणि लष्कराची बाजू मांडायला कोण उभं राहिलं तर तेव्हा सरकार चालवणाऱ्या, नोबेलवाल्या आंग सान सू ची. त्याच लष्करानं पुढं फेब्रुवारी २०२१ ला त्यांनाच आत टाकलं. दुसरं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वकिलांनी २०२४ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांच्यावर वॉरंट मागितलंय. हे दोन मिनिटांत उरका, कोर्टाचं लांबलं की लोक पेंगतात.

फ्लेक्सवाला

पोस्टर माझ्याकडनं करून घ्या ताई, पैसे शाईचे फक्त. पण फोटो मी बघितल्याशिवाय छापणार नाही, आधीच सांगतो.

ह्या विषयात जेवढे खोटे फोटो फिरलेत तेवढे कशातच नसतील. बौद्ध भिक्खू आणि समोर प्रेतांचा ढीग, असा एक फोटो ‘रोहिंग्यांवर अत्याचार’ म्हणून वर्षानुवर्षं फिरतोय, तो २०१० च्या तिबेटकडच्या भूकंपातला आहे, भिक्खू बिचारे मदत करायला आलेले! उलट्या बाजूनं तर कमालच. म्यानमारच्या लष्करानं २०१८ ला एक पुस्तक काढलं, त्यात ‘बंगाल्यांनी बौद्धांना मारलं’ म्हणून छापलेला फोटो निघाला १९७१ च्या ढाक्यातला. आणि ‘घुसखोर शिरताना’ म्हणून छापलेला रवांडाच्या निर्वासितांचा, १९९६ चा, आफ्रिकेतला. मूळ फोटो रंगीत होता, ह्यांनी काळापांढरा करून जुना केला. आम्ही लग्नाच्या फ्लेक्सवर नवरदेवाला गोरा करतो ते बरं म्हणायचं.

आणि फॉरवर्डबद्दल बोलणार असाल तर हे नक्की सांगा. तिकडं आपल्या व्हॉट्सॲपसारखं फेसबुक होतं, मोबाईल घेतला की इंटरनेट म्हणजे फेसबुकच. लष्कराची माणसं गायकांच्या, मॉडेलच्या नावानं पेजेस चालवायची, आधी फॅन गोळा करायचे मग हळूहळू विष सोडायचं. २०१८ ला फेसबुकनं स्वतः कबूल केलं की आमच्या प्लॅटफॉर्मवरनं हिंसा भडकवली गेली आणि ती थांबवायला आम्ही कमी पडलो. तुमच्या खुर्चीवाल्याची गोष्ट आणि ही एकापाठोपाठ सांगा, मधे काही बोलू नका.

प्रेतांचे फोटो लावू नका. उपग्रहाचे फोटो लावा, एकाच गावाचे आधीचे आणि नंतरचे. आधी हिरवी झाडं, पत्र्याची चौकोनी घरं, नंतर राखाडी डाग. आणि शेजारची वस्ती तशीच हिरवी, एक झाड जळलेलं नाही. बाई-पुरुष कुणालाही कळतं ते, सांगावं लागत नाही.

अशोकचौक_माग

परत आलो, एक राहिलं. मी महिन्यातनं दोनदा टॉवेल-नॅपकीन घेऊन हैदराबादला जातो. तिकडं बाळापूर म्हणून भाग आहे गावाच्या कडेला, तिथं ह्यांच्या वस्त्या आहेत. एकदा एका गिऱ्हाईकाबरोबर गेलो, सेकंड क्वालिटीचे टॉवेल वाटायचे होते त्याला रमजानात.

झोपड्या बांबूच्या, वरनं जुने फ्लेक्स. फ्लेक्सवाले भाऊ, तुमचाच माल, कुठल्यातरी नेत्याचा वाढदिवस छताला उलटा लटकत होता. दारात भंगाराची पोती, बाटल्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा. एक आठ-नऊ वर्षांचं पोरगं माझ्याशी तेलुगूत बोललं, माझ्यापेक्षा चांगलं, सरकारी शाळेत जातो म्हणाला. विचारलं तुझं गाव कुठलं, तर म्हणालं बाळापूर. आत त्याची आजी बसलेली, तिला त्यानं त्यांच्या भाषेत विचारलं आणि मग मला सांगितलं, ‘नानी बोल रही बुथिडाँग.’ म्हणजे तिकडचं राखाइनमधलं. म्हातारीनं टॉवेल घेतला, काठ उलटा करून बघितला, दोरा निघालाय का ते, आणि मग डोक्यावर टाकला. माझ्या आईनं पण असंच बघितलं असतं.

कार्ड होतं त्यांच्याकडं यूएनचं, लॅमिनेट केलेलं. पण आपला देश १९५१ च्या निर्वासित करारात नाही, त्यामुळं त्या कार्डाला पोलिसांपुढं कितपत किंमत ते पोलीसच ठरवणार.

पार्कचौक_कट्टा

ठीक आहे पण मग कायम इथंच ठेवायचं का? परत पाठवा ना सन्मानानं. मी काय मारा म्हणत नाही

स्ट्रिंगर_सोलापूर

परत पाठवायचा प्रयत्न झालाय भाऊ. बांगलादेशानं दोनदा केला, २०१८ आणि २०१९ ला. २२ ऑगस्ट २०१९ ला साडेतीन हजारांच्या आसपास नावं मंजूर, बसेस येऊन थांबल्या, एक माणूस चढला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, आधी नागरिकत्व द्या, मग येतो. ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच पहाऱ्यात छावणीत कसं राहायचं?

आणि आता तर तिथं लष्करही राहिलेलं नाही धड. आराकान आर्मी म्हणून राखाइन बौद्धांची फौज आहे, तिनं डिसेंबर २०२४ पर्यंत मौंगडॉ शहरासकट बांगलादेशलगतची सगळी सरहद्द घेतली. ह्यांना दोन्हीकडनं मार. २०२४ मध्ये लष्करानं रोहिंग्या पोरं धरून जबरदस्तीनं भरती केली, ज्यांना नागरिक मानत नाही त्यांनाच म्हणे देशासाठी लढा. ५ ऑगस्ट २०२४ ला नाफच्या काठावर पळून चाललेल्या लोकांवर ड्रोन हल्ला झाला, वाचलेले लोक आराकान आर्मीचं नाव घेतात, ती नाकारते. त्या सगळ्या काळात आणखी दीड लाखाच्या आसपास माणसं बांगलादेशात आली.

भारताचं विचाराल तर सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२१ च्या आदेशात जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवणं थांबवलं नाही, फक्त कायद्याची पद्धत पाळा म्हटलं. पण त्याच आदेशात हेही आहे की समानतेचा आणि जगण्याचा हक्क, कलम १४ आणि २१, नागरिक नसलेल्यालाही असतो. त्या खुर्चीवाल्याला हे दोन्ही होते, आधार असो नसो.

वाचनालयवाली

अपडेट देते, सगळ्यांचे आभार, खास करून चिठ्ठ्यांचे.

तेवीस जण आले. खुर्चीवर बसलेला तो पोरगा आला नाही, आईला पाठवलं. मी आधी चिठ्ठ्या वाटल्या, कशाला ते सांगितलं नाही. दहा मिनिटं नुसता कालवा, ‘तुझ्या आज्याचं नाव काय गं’, कुणी गावाला फोन लावला. सगळ्यात मागं गेले आमचे एक मास्तर, १८७१ पर्यंत. १८२३ चा कागद किती जणांकडं, तर शून्य. मास्तर जरा नाराज झाले, म्हणाले त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आमचं त्याच्याही मागचं सापडेल. त्यावर विडीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘तुमचं सापडल मास्तर. आमचं कोण लिहून ठेवणार हुतं?’ त्यांच्या चिठ्ठीवर नावच नव्हतं, मी लिहून घेतलं होतं ‘आजीची आई, तुळजापूरकडची’ एवढंच.

त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही. लग्नाला सुद्धा परवानगी काढावी लागायची, मौंगडॉ-बुथिडाँगकडं दोनच्या वर पोरं नकोत असा हुकूम होता, हे सांगितल्यावर बायकांनी विड्यांची सुपं बाजूला ठेवली. बांगलादेशातल्या छावण्यांत दहा लाखांच्या वर माणसं आहेत आणि काम करायला बंदी, २०२३ ला रेशनला पैसे कमी पडले तेव्हा माणशी महिन्याला आठ डॉलरवर आणलं होतं, म्हणजे दिवसाला बावीस रुपये, हे फळ्यावर मांडलं. ‘त्यात डाळ आली का?’ लगेच प्रश्न. मग बावीस रुपयांत काय काय बसतं ह्याचा हिशेब त्यांनीच केला, तेल बसेना. हिंदू वस्तीचं पण सांगितलं, आधीच, मागनं कुणी उठलं नाही.

चिठ्ठ्या फळ्यालाच चिकटवून ठेवल्यात, फ्लेक्सवाल्या दादांच्या उपग्रह फोटोशेजारी. त्या पोराची आई जाताना दोन कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन गेली, कशाला ते विचारलं नाही मी.

आणि पुढच्या महिन्याचा विषय पाणी. पार्कचौक_कट्टा बोलणार आहेत, फळ्यावर नाव लिहून टाकलंय.

पार्कचौक_कट्टा

अहो ताई मी कधी हो म्हटलं?? चिवडा कुठला असतो ते सांगा आधी